तंबूतल्या माणसाला प्रश्न विचारताना

"कसं वाटतंय?" हा प्रश्न आधी खोडून टाक. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर दिवसभर स्लेज (बर्फावरची सामानाची घसरगाडी) ओढून तंबूत शिरलेला माणूस फोनवरच्या मुलाखतीत त्यावर "छान" एवढंच म्हणणार. त्यापेक्षा "ओले मोजे कुठे वाळत घातलेत?" असं विचार, मग बघ कसे बोलत सुटतात! सॅटेलाइट फोनवर आवाज जरा उशिरा पोचतो. प्रश्न संपला की गप्प राहायचं. पहिल्या वेळी मी मध्येमध्ये बोलून अर्धी मुलाखत घालवली होती. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून महत्त्वाचं आधी विचार. नॉर्वेचा मोहीमवीर अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर १९११ साली पोचला, तिथली उंची साधारण २,८३५ मीटर, हे मोहिमेवरच्या माणसाकडून वदवून घेऊ नकोस, वाचून जा. फोनची वेळ मात्र त्यांच्या घड्याळाप्रमाणे ठरव. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, उजेडावरून त्यांची दिवस-रात्र कळणार नाही.