पाय सुजला, पण हत्तीपाय म्हणून सोडून देऊ नका

प्रश्न: वय ५२, चंद्रपूर. दोन वर्षांपूर्वी गर्भपिशवीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पोटातल्या गाठी पण काढल्या, नंतर शेक (रेडिएशन) दिला. आता डावा पाय सुजतो, संध्याकाळी चप्पल जात नाही, जोडवी काढली म्हणून सासूबाई नाराज. शेजारणी म्हणतात हत्तीपाय झाला. लघवीच्या गोळीने फरक नाही. लग्नाकार्याला जाणंच सोडलंय. कॅन्सर परत आला का?

उत्तर: ताई, तुमच्या भागात डासांमुळे होणारा हत्तीपाय आहेच, त्यामुळे पाय सुजला की लोक तेच नाव देतात. रात्रीचं रक्त तपासून घ्या हवं तर. पण तुमच्या बाबतीत कारण बहुतेक ऑपरेशनमधलंच आहे. पायातली लसिका, म्हणजे प्रोटीन असलेलं पाणी, ज्या ग्रंथींमधून वर जाते त्याच, म्हणजे तुम्ही म्हणता त्या पोटातल्या गाठी, काढल्या, वरून शेकाने उरलेल्या वाटा आखडल्या, मग ते प्रोटीनवालं पाणी खालीच साचतं, याला लिम्फेडेमा म्हणतात. लघवीच्या गोळीने पाणी जातं पण प्रोटीन तिथंच राहतं, म्हणून फरक पडत नाही (बीपी-हार्टसाठी दिली असेल तर मनाने बंद करू नका).

कॅन्सर परत आलाय असं नुसत्या सुजेवरून म्हणता येत नाही, तरी ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना दाखवाच, आणि रक्ताची गुठळी नाही ना हे बघायला पायाचं डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून घ्या. सुजेसाठी दाबाच्या पट्ट्या त्यानंतरच.

मग लिम्फेडेमा शिकलेला फिजिओथेरपिस्ट शोधा. हलक्या हाताचा विशिष्ट मसाज, थरांच्या पट्ट्या, सूज उतरली की मापाचा स्टॉकिंग (पायाला दाब देणारा घट्ट मोजा), तो सकाळी उठल्या उठल्या घालायचा आणि साधारण सहा महिन्यांनी बदलायचा कारण ताण जातो. महाग पडतो, खरंय, पण दुकानातला कुठलाही उचलून आणला आणि वरती आवळला तर सूज उलट वाढते. परकराची नाडी पण सैल बांधा. चालणं बंद करू नका, स्टॉकिंग घालून रोज चाला. तेलाने रगडून मालिश आणि गरम पाण्यात पाय सोडून बसणं मात्र नको.

अनवाणी फिरू नका, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. पाय लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, अँटिबायोटिक लागतं. अचानक खूप सूज आली, पोटरी दुखली किंवा दम लागला तर सरळ इमर्जन्सीत.

आणि लग्नाला जा हो, साडीखाली स्टॉकिंग कुणाला दिसत नाही. सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत न्या, जोडव्यांचं डॉक्टरच समजावतील.