सेरेस ग्रह का नाही, आणि पुण्यातून तो कसा पाहायचा?

प्रश्न: सेरेस गोल आहे, सूर्याभोवती फिरतो, तरी तो बटुग्रह (ग्रहांहून खालच्या गटातला छोटा, गोल पिंड) का? प्लूटोसारखाच त्याच्यावरही अन्याय झाला का? 10×50 च्या द्विनेत्रीतून तो गच्चीवरून दिसेल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: सेरेसचं ग्रहपद प्लूटोच्या कितीतरी आधी गेलं. 1 जानेवारी 1801 रोजी इटलीतल्या पालेर्मोहून खगोलशास्त्रज्ञ पियाझींनी तो शोधला आणि पुढे काही दशकं तो ग्रहच मानला जात होता. पण मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या त्याच पट्ट्यात पॅलास, जुनो, व्हेस्टा हे पिंड सापडले, 1845 नंतर तर रांगच लागली आणि सगळ्यांची रवानगी लघुग्रहांत झाली. 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या प्रागच्या अधिवेशनात मांडलेल्या ग्रहाच्या व्याख्येच्या पहिल्या मसुद्यात 12 ग्रह होते, त्यात सेरेसही होता. 24 ऑगस्टला मंजूर झालेल्या व्याख्येत मात्र ग्रहाने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा, ही अट आली. ती सेरेस पुरी करत नाही. म्हणजे लघुग्रहाचा बटुग्रह झाला. त्याच्या बाबतीत ही बढतीच.

वाद या अटीवरच आहे. अॅलन स्टर्न यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात, पिंड स्वतःच्या गुरुत्वाने गोल झाला की पुरे. लघुग्रह तर पृथ्वीच्या कक्षेपाशीही आहेत, मग तिनं तरी परिसर कुठे मोकळा केलाय? आक्षेप शब्दांपुरता बरोबर आहे, पण आकडे पाहा. खगोलशास्त्रज्ञ स्टीव्हन सोटर यांनी पिंडाच्या वस्तुमानाला त्याच्या कक्षेच्या टापूतल्या बाकी सगळ्या वस्तुमानाने भागलं. पृथ्वीसाठी उत्तर आलं सुमारे 17 लाख, सेरेससाठी 0.33, प्लूटोसाठी जेमतेम 0.07. एवढी दरी असताना व्याख्येत आकडा घातला नाही, ही खरी चूक. अट आम्हाला योग्यच वाटते.

आता पाहण्याविषयी. प्रतियुती (पृथ्वीवरून सेरेस सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला दिसण्याची वेळ) सुमारे 467 दिवसांनी येते. तेव्हा सेरेसची प्रत (तेजस्वितेचा आकडा; तो जितका मोठा तितका पिंड मंद) सात-साडेसातच्या आसपास असते आणि पुण्यात तो रात्री साडेबाराच्या सुमारास सर्वांत उंच येतो. चंद्र नसेल आणि द्विनेत्री तिपाईवर पक्की बसवली असेल, तर गच्चीवरून जमतं. पानशेतच्या बाजूला गेलात तर फारच सोपं. स्टेलेरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये 9व्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवून त्या भागाचा नकाशा छापा. सहाव्या प्रतीवर थांबलेला नकाशा घेतला की भलताच तारा सेरेस वाटतो. हे नेहमी घडतं.

थाळी दिसण्याची अपेक्षा ठेवू नका. सुमारे 940 किलोमीटर व्यासाचा हा पिंड एका विकलेपेक्षाही (अंशाचा 3600वा भाग) लहान दिसतो, म्हणजे हुबेहूब तारा. ओळख पटते ती सरकण्यावरून. दृष्टिक्षेत्रातले सगळे ठिपके कागदावर मांडा आणि तीन रात्रींनी पुन्हा मांडा. प्रतियुतीच्या काळात तो रोज सुमारे 13 कला (कला म्हणजे अंशाचा 60वा भाग) सरकतो, म्हणजे तीन रात्रींत चंद्रबिंबाहून जास्त. प्रतियुतीच्या दीड-दोन महिने आधी किंवा नंतर मात्र तो जवळजवळ थबकतो. तेव्हा हा प्रयोग करू नका.