लघुग्रह शोधायचेत? दुर्बीण नंतर घ्या

मॅडम, मुलांना लघुग्रह शोधता यावेत म्हणून शाळेला दुर्बीण घ्यायची म्हणता, पण त्यासाठी वर्गणी एवढ्यात काढू नका. कोकणात पावसाचे चार महिने आभाळ दिसत नाही, दमट हवेनं भिंगाला बुरशी लागते ती वेगळीच. त्यापेक्षा लघुग्रह शोधमोहिमेत शाळेची नोंदणी करा, फुकट असते. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीनं टिपलेल्या प्रतिमांचे संच येतात. आकाशाच्या एकाच तुकड्याच्या प्रतिमा ॲस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये एकामागून एक आलटून-पालटून बघायच्या. तारे जागेवरच राहतात, सरळ रेषेत सरकणारा ठिपका हेरायचा. मुलं प्रत्येक डागाला लघुग्रह म्हणतील. म्हणू देत! पण अहवालात घालण्याआधी वेग आणि तेज प्रत्येक प्रतिमेत जुळतंय का, ते मुलांच्या दुसऱ्या जोडीकडून तपासून घ्या. लघुग्रहाला नाव द्यायला मिळेल असं आमिष दाखवू नका, नावाआधी त्याची कक्षा पक्की व्हायलाच कित्येक वर्षं जातात. आणि संच आले की लगेच उतरवून ठेवा, पावसात नेटचा काय भरवसा!