कॅप्सूल राहू दे, आधी डबा बघू

प्रश्न : ताई, मी 22 वर्षांची, भांडुपला राहते, नोकरी फोर्टला. सकाळी 7.40ची लोकल, त्यामुळे नाश्ता म्हणजे चहा-बिस्किटं. वर्षभरात चेहरा पार निस्तेज झालाय. मैत्रीण म्हणते, अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल घे. घेऊ का?

उत्तर : अगं, इतक्यात नको. ऊन आणि धुरामुळे त्वचेत फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू वाढतात, त्यांना आवरायला अँटिऑक्सिडंट, म्हणजे क आणि ई सारखं जीवनसत्त्व लागतं. क शिवाय कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिनही नीट बनत नाही. तुझी क ची रोजची गरज 65 मिलिग्रॅम. 100 ग्रॅम पेरूत साधारण 200 मिलिग्रॅम असतं! स्टेशनबाहेरच्या टोपलीतला अख्खा पेरू घे, चिरून ठेवलेला नको. गाजराच्या कोशिंबिरीवर मोहरी-हिंगाची फोडणी घाल, कारण गाजरातलं बीटा-कॅरोटीन (शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं) स्निग्धाशिवाय नीट शोषलं जात नाही. माझी आई हे शास्त्र न शिकता रोज करायची. मूठभर शेंगदाण्यातून ई मिळेल.

मला खरी काळजी वाटते ती त्या चहा-बिस्किटांची. निस्तेजपणामागे पुष्कळदा रक्त कमी असतं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. या आठवड्यातच हिमोग्लोबिन तपासून घे. पोह्यांवर लिंबू पिळ, लोह चांगलं शोषलं जाईल. चहा मात्र खाण्यानंतर तासाभराने. आणि केस गळणं, धाप लागणं, पाळीत जास्त रक्तस्राव असं काही असेल, तर थेट डॉक्टरांना दाखव.