मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातल्या ऑरेंज वॉकला मुक्काम करावा का, की लमनाईचे माया अवशेष बघून त्याच दिवशी परतावं?

मुक्काम करा. जमलं तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा, तेव्हा तिथे ऊस ऐन भरात चालू असतो. मी साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढलोय, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल, पण हे गाव ऊस बघितल्याशिवाय कळत नाही.

शहर म्हणून सांगायचं तर मधे एक चौक, सकाळी टाकोच्या (सारण भरलेल्या मक्याच्या पोळ्यांच्या) टपऱ्या, आणि बोली बहुतेक स्पॅनिश. 1847 मध्ये शेजारच्या मेक्सिकोतल्या युकातानमध्ये माया लोकांचं बंड पेटलं, तिथून पळून आलेल्या लोकांनी हा भाग वसवला आणि ऊसही त्यांनीच रुजवला. आज शहराच्या दक्षिणेला टॉवर हिलचा कारखाना आहे. हंगामात त्याच्याबाहेर ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. गव्हाणीत ऊस टाकायला नंबर लागायची वाट बघत ड्रायव्हर सावलीत आडवे झालेले दिसले, की क्षणभर आपण कुठे आहोत तेच विसरायला होतं. फरक एवढाच, की कारखाना सहकारी नाही, कंपनीचा आहे. ऊस मात्र हजारो लहान शेतकऱ्यांचा, त्यामुळे दरावरून वाद तिथेही ठरलेलाच. आणि आपल्याकडे जळीत उसाच्या दरात कपात लावतात, तिथे फड पेटवून मग कोयत्याने तोडायची जुनी रीत. हंगामात पाचटाची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते.

आता लमनाई. रस्त्यानेही जाता येतं, पण न्यू रिव्हरमधून बोटीनेच जा, साधारण दीड तास लागतो. मगरी दिसतात, कमळाच्या पानांवरून चालणारे पक्षी दिसतात. उंच मंदिर 33 मीटरचं आहे. दुसऱ्या एका मंदिरावर माणसाहून उंच दगडी मुखवटा आहे. 1974 पासून पुरातत्त्वज्ञ डेव्हिड पेंडरगास्ट यांनी इथे उत्खनन केलं. चेंडूच्या खेळाच्या मैदानाखाली त्यांना चक्क पारा सापडला! बहुतेक माया शहरं नवव्या-दहाव्या शतकात ओस पडली, हे मात्र स्पॅनिश येईपर्यंत नांदतं होतं. त्यांच्या चर्चचे अवशेषही तिथेच आहेत.

गाइड बहुधा मंदिरं दाखवून परत फिरतात. त्यांना साखरेचा जुना कारखाना दाखवायला आवर्जून सांगा. 1860च्या दशकात इंग्रजांनी तिथेच वाफेवरचा घाणा बसवला होता, तो थोड्याच वर्षांत बंद पडला. त्याच्या लोखंडी चाकाला आता झाडाच्या मुळांनी विळखा घातलाय. मला मंदिरांपेक्षा तोच जास्त बघावासा वाटतो.

शेतीची आवड असेल तर पुलट्राउझर दलदलीबद्दलही वाचून जा, ती जवळच आहे. दलदलीत चर खणायचे, निघालेला गाळ बाजूला रचून उंच वाफे करायचे आणि त्यांवर मका वगैरे घ्यायचा, असा माया लोकांचा उद्योग तिथे सापडलाय. पाण्याचा निचराही झाला आणि खतही मिळालं. उलट नोहमुलच्या माया अवशेषांसाठी वेगळी चक्कर मारू नका. उसाच्या शेतांमधला तिथला मोठा पिरॅमिड 2013 मध्ये एका ठेकेदाराने रस्त्याच्या भरावासाठी यंत्र लावून पोखरला. क्वेयोचे माया अवशेष शहराच्या जवळच आहेत, पण रमच्या भट्टीच्या खासगी जमिनीत. आधी परवानगी घ्या.

बोट सकाळचीच घ्या, दुपारी ऊन सोसवत नाही. शाकाहारी असाल तर टाको बहुधा चिकनचेच असतात. राजमा-भात दिसला म्हणून खुश होऊ नका, त्या राजम्यात खारवलेली डुकराची शेपटी घालायची पद्धत आहे. विचारून घ्या.