कॅसेटला बुरशी, आता रिमास्टर घेऊ काय?

प्रश्न (मालवण): डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ची कॅसेट पावसाळ्यात बुरशी येऊन गेली हो. १९९९ची रिमास्टर सीडी घेऊ, की नुसता आवाज वाढवून विकतात?

उत्तर: घ्या की! १९७३ला फुटलेली गिलन-ब्लॅकमोर-लॉर्ड-ग्लोव्हर-पेस ही पाच टाळकी १९८४ला परत एकत्र आली ती याच अल्बमला, आणि जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन टायटल साँगच्या सुरुवातीला असा काय घुमतो की अंगावर काटा येतो. रिमास्टर म्हणजे नव्याने वाजवलेलं नव्हे, जुन्याच रेकॉर्डिंगचा टोन-लेव्हल परत बसवलेला असतो, आवाज थोडा वाढतोच (मला नाही खटकत). वर ‘सन ऑफ अलेरिक’ हा दहाएक मिनिटांचा वाद्यांचा तुकडा बोनस! सीडी मात्र कोरड्या डब्यात ठेवा, आपली हवा माहितीय ना.