वाचक विचारतात : पहिला आलेला पक्ष विरोधी बाकांवर कसा?

प्रश्न : पोलंडमध्ये २०२३ साली सर्वाधिक जागा मिळवणाऱ्या पक्षाचा पंतप्रधान झाला आणि लगेच पडला. हा काय प्रकार? तिथे मतं मोजतात तरी कशी?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सेयम या कनिष्ठ सभागृहात ४६० जागा, बहुमताला २३१. पहिल्या आलेल्या ‘लॉ अँड जस्टिस’ पक्षाला १९४ मिळाल्या, तर विरोधातल्या तीन गटांना मिळून २४८. तरी १५ ऑक्टोबरच्या मतदानानंतर नवं सरकार यायला १३ डिसेंबर उजाडला, कारण १९९७ च्या राज्यघटनेत क्रम ठरलेला आहे. पहिली संधी राष्ट्राध्यक्षांची. ते कोणालाही नेमू शकतात, पण त्याने १४ दिवसांत सेयममध्ये विश्वासमत मिळवायचं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुदा मूळचे ‘लॉ अँड जस्टिस’चे, त्यांनी त्याच पक्षाच्या मोराविएत्स्कींना नेमलं. ११ डिसेंबरला ते १९० विरुद्ध २६६ मतांनी पडले. दुसरी संधी सेयमची. तिने त्याच दिवशी विरोधी गटांचे नेते टस्क यांना निवडलं. इथेही जमलं नसतं, तर पुन्हा राष्ट्राध्यक्ष, आणि तेव्हा साधं बहुमत, म्हणजे विरोधापेक्षा जास्त मतं, पुरतं. शेवटी सेयमची बरखास्ती. राज्यपालांनी आधी कुणाला बोलवायचं यावर आपल्याकडे जे रण माजतं ते तिथे टळतं, वेळ मात्र जातो.

आता मतं. देशात ४१ मतदारसंघ, एकेकातून ७ ते २० खासदार. मतदार एका यादीतल्या एका नावापुढच्या चौकटीत फुली मारतो. बरोबरची खूण चालत नाही. दोन याद्यांत फुल्या पडल्या की मत बाद. एकाच यादीत दोन पडल्या तर वरच्या नावाला धरतात.

जागावाटप भागाकाराने होतं. समजा, नागपुरातून पाच खासदार एकत्र निवडायचेत आणि तीन पक्षांना एक लाख, साठ हजार व चाळीस हजार मतं पडली. प्रत्येक आकड्याला १, २, ३ ने भागत जा आणि सर्वांत मोठे पाच भागाकार निवडा : १ लाख, ६० हजार, ५० हजार, ४० हजार, ३३ हजार. म्हणजे जागा ३, १, १. तीस टक्केवाला आणि वीस टक्केवाला सारखेच! मतदारसंघ जितका लहान, तितका मोठ्या पक्षाचा फायदा.

खरी मेख उंबरठ्यात आहे. देशभरात पक्षाला ५ टक्के, आघाडीला ८ टक्के मतं हवीत. १९९१ मध्ये अशी अट नव्हती. २९ गट आत आले, बिअरप्रेमींच्या पक्षालाही १६ जागा मिळाल्या. १९९३ ला अट लागली आणि एकतृतीयांशाहून अधिक मतं वाया गेली : ३६ टक्के मतांवर दोन पक्षांनी ३०३ जागा नेल्या. २०१५ मध्ये डाव्यांची आघाडी ७.५५ टक्क्यांवर अडली. तीच मंडळी एक पक्ष म्हणून लढली असती तर आत आली असती.

प्रश्न : तिथे अविश्वास ठराव कसा आणतात?

उत्तर : किमान ४६ खासदारांच्या सह्या लागतात, आणि ठरावातच नव्या पंतप्रधानाचं नाव द्यावं लागतं. सात दिवसांआधी मतदान नाही. २३१ मतं पडली तरच जुना जातो, नवा येतो. नुसतं पाडणं जमत नाही.